ताक का कळकते?

हस्तकलेच्या एका प्रदर्शनात पितळी पातेल्यांच्या मांडणीसमोर उभा असताना शेजारच्या तरुण ग्राहकाने विक्रेत्याला विचारलेला प्रश्न माझ्या मनात अजून घोळतो आहे. पातेल्याच्या आतले चंदेरी पॉलिश काढून मिळेल का, असे तो विचारत होता, कारण त्याला स्वयंपाकासाठी ‘शुद्ध’ पितळ हवे होते. विक्रेत्याने तत्काळ होकार दिला. ते पॉलिश नव्हते, ती कल्हई, म्हणजे कथिलाचा पातळ थर होता, आणि तो काढून टाकल्यावर त्या पातेल्यात केलेली पहिलीच आमटी कळकली, म्हणजे भांड्याच्या धातूमुळे बिघडली असती. हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते, याचे एक कारण मला असे वाटते की कळकणे हे क्रियापदच आपल्या रोजच्या बोलण्यातून निघून गेले आहे.

अन्न बिघडण्याच्या प्रकारांना मराठीत किती काटेकोर शब्द आहेत, हे पाहण्यासारखे आहे. दूध नासते, पीठ आंबते, शिळी भाजी विटते आणि ताक कळकते. पहिल्या तिन्ही क्रियांमागे प्रामुख्याने सूक्ष्मजीव असतात. चौथीत त्यांचा काहीच संबंध नसतो. ताजे, निर्दोष ताकही कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात काही तास राहिले की त्याला तुरट, धातूसारखी चव येते, कडेला हिरवट छटा दिसते आणि ते प्यायल्यावर मळमळते. म्हणजे ज्या काळी सूक्ष्मजीवांची कल्पनाही कोणाला नव्हती, त्या काळी स्वयंपाकघरातील बायकांनी जैविक बिघाड आणि धातूमुळे होणारा बिघाड यांना वेगवेगळी नावे देऊन ठेवली होती. हे वर्गीकरण केवळ निरीक्षणातून आलेले आहे, आणि ते अचूक आहे.

आता यामागचे रसायनशास्त्र पाहू. शाळेत आपण धातूंची क्रियाशीलता श्रेणी शिकतो. त्या श्रेणीत तांबे हायड्रोजनच्या खाली येते, म्हणून जस्ताप्रमाणे ते सौम्य आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. मग ताकातील लॅक्टिक आम्लात किंवा चिंचेच्या कोळातील टार्टारिक आम्लात ते विरघळते कसे? याचे उत्तर हवेत आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तांब्याच्या अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो, आम्ल त्या ऑक्सिजनचे पाणी करते, आणि तांब्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, द्रवात मोकळा होतो. आम्ल आणि ऑक्सिजन दोन्ही एकत्र असतील तरच हे काम वेगाने चालते. म्हणूनच हिरवे कडे भांड्याच्या तळाशी न दिसता, द्रवाची पातळी आणि हवा जिथे मिळतात त्या रेषेवर प्रथम दिसते. पितळेत तांब्याबरोबर जस्तही असते, आणि तेही आम्लात उतरते. शिवाय तांब्याचे आयन स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला गती देतात, त्यामुळे लोण्याला किंवा सायीला खवट वास लवकर येतो. चिंचेने तांब्याची भांडी लख्ख निघतात, त्यामागेही हेच आम्ल आहे. घासताना ते काळपट ऑक्साइड विरघळवते आणि आपण ते धुऊन टाकतो, तर आमटीत तेच आपण खातो.

या हिरव्या थराला सरसकट ‘मोरचूद चढला’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. मोरचूद म्हणजे जलयुक्त कॉपर सल्फेट, निळेशार स्फटिक. द्राक्षबागायतदार ते चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करतात. सल्फेटसाठी गंधकाचे आम्ल लागते, ते ताकात नसते. भांड्यावरच्या हिरव्या थरासाठी खरा शब्द जंगाल हा आहे, आणि तो आपल्याला फारसीतून मिळाला. विशेष म्हणजे हा शब्द स्वयंपाकघराइतकाच चित्रकाराच्या कामाचा होता. तांब्याचे पत्रे सिरक्याच्या (व्हिनेगरच्या) वाफेत ठेवायचे, त्यावर धरलेला कॉपर ॲसिटेटचा हिरवा थर खरवडायचा आणि डिंकात खलून रंग करायचा, ही जंगालाची जुनी कृती. इराणी आणि मोगल लघुचित्रांतील हिरव्या रंगासाठी तो वापरला गेला. पण जो आयन लोणी खवट करतो, तो कागदालाही सोडत नाही. कागदातील सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणालाही तो गती देतो, त्यामुळे अनेक जुन्या हस्तलिखितांत हिरवी चौकट जिथे होती तिथला कागद तपकिरी होऊन, तडकून, अखेर गळून पडलेला दिसतो. फारसी चित्रकारांच्या कृतींमध्ये जंगालात थोडे केशर मिसळण्याची सूचना आढळते, आणि केशराने ही झीज मंदावते असे संवर्धनतज्ज्ञांना आढळले आहे. स्वयंपाकघरातील कळकणे आणि ग्रंथालयातील कागद जळणे या एकाच कुळातील घटना आहेत, हे मला समजले तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

आता कल्हईकडे वळू. हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला, आणि त्याचा संबंध मलय द्वीपकल्पातील कलह नावाच्या बंदराशी जोडला जातो. ते द्वीपकल्प कथिलाच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. कथील हा शब्द मात्र संस्कृत ‘कस्तीर’वरून आलेला आहे, आणि ग्रीक ‘कस्सितेरोस’ हा त्याचाच नातलग. कथिलाच्या खनिजाला आजही कॅसिटेराइट म्हणतात. धातूचे नाव एका वाटेने आले आणि त्या धातूच्या कामाचे नाव दुसऱ्या वाटेने.

कल्हईवाला जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवतो, भाता मारतो, घासलेले भांडे तापवतो, त्यावर नवसागराची पूड टाकतो, कथिलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील क्षणात सर्वत्र फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, त्यामुळे भांड्याला धक्का न लागता कथील पातळ होते. पण पातळ होणे पुरेसे नाही. नवसागराशिवाय हाच प्रयोग केला तर कथिलाचे गोळे होऊन ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे घरंगळतात.

द्रव एखाद्या पृष्ठावर पसरेल की गोळा होऊन राहील, हे तीन ओढींच्या रस्सीखेचीवर ठरते. घन आणि हवा, घन आणि द्रव, द्रव आणि हवा अशा तीन सीमा थेंबाच्या कडेला एकत्र येतात आणि प्रत्येक सीमेची आपली एक पृष्ठऊर्जा असते. थेंबाची कड पृष्ठाशी जो कोन करते, त्याला स्पर्शकोन म्हणतात. घन आणि हवा यांच्या सीमेची ऊर्जा, वजा घन आणि द्रव यांच्या सीमेची ऊर्जा, भागिले द्रवाचा पृष्ठताण, एवढे गणित केले की त्या कोनाची कोज्या (कोसाइन) मिळते. कोन ९० अंशांपेक्षा मोठा असेल तर थेंब आखडतो, लहान असेल तर पसरतो, आणि पसरण्याला भौतिकशास्त्रात ‘ओले होणे’ असेच म्हणतात, मग तो द्रव धगधगता धातू का असेना. स्वच्छ धातूची पृष्ठऊर्जा मोठी असते, ऑक्साइडची त्या मानाने कमी. तापलेल्या तांब्यावर हवेत ऑक्साइडचा थर सतत धरत असतो, आणि त्या थरावर कथील ओले होत नाही.

इथे नवसागर कामाला येतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवल्यावर तो वितळत नाही, त्याची थेट वाफ होते, आणि त्या वाफेत अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडशी अभिक्रिया करून त्याचे क्लोराइड आणि पाणी करतो. त्या क्लोराइडमधील तांब्याची जागा कथील घेते, आणि खाली उघडा, कोरा धातू उरतो. भांड्यावर उठणारा पांढरा धूर म्हणजे थंड हवेत अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड पुन्हा एकत्र येऊन झालेले नवसागराचे बारीक कण होत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत या दोन रसायनांच्या उघड्या बाटल्या जवळ आणल्या की दिसतो तोच हा धूर. तो घशाला आणि फुप्फुसांना त्रास देतो, आणि आयुष्यभर तो हुंगणाऱ्या कारागिरांची आपण कधी चौकशी केली नाही, याची मला खंत वाटते.

कोऱ्या तांब्यावर कथील नुसते चिकटत नाही. सीमेवर दोन्ही धातूंचे अणू एकमेकांत शिरतात आणि तांब्याच्या ६ अणूंमागे कथिलाचे ५ अणू अशा ठरावीक प्रमाणाचे आंतरधातू संयुग तयार होते. हा थर अत्यंत पातळ असतो, पण कल्हई रंगासारखी सोलून निघत नाही ती त्याच्यामुळे. कथिलाच्या वरच्या बाजूला स्वतःच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतो आणि तो अन्नातील सौम्य आम्लांना बराच काळ दाद देत नाही.

कथील महाग असल्यामुळे त्यात शिसे मिसळण्याचा मोह जुना आहे. शिशाने काम सोपेही होते, कारण योग्य प्रमाणातील मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. शिसे विषारी आहे, आणि मुलांच्या मेंदूला त्याची थोडी मात्राही घातक ठरते. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतील स्फटिक सरकल्यामुळे करकर आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते, आणि कागदावर ओढले तर करडी रेघ उमटवते.

तांब्याच्या पात्रातील पाणी मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सर्व काही बरे करते, असे संदेश फिरत असतात, त्यांविषयीही लिहिले पाहिजे. रात्रभर तांब्यात राहिलेल्या साध्या पाण्यातील जिवाणू घटतात, हे प्रयोगांत दिसले आहे. बाकीच्या दाव्यांना आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. त्याच पात्रात लिंबू पिळून ठेवले की त्यात उतरणारे तांबे झपाट्याने वाढते, आणि त्यानंतर होणाऱ्या उलट्यांवर मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणे हा उपाय नव्हे.

भांड्याच्या तळाशी तांबूस किंवा पिवळे डाग दिसू लागले की कल्हई झिजली असे समजावे. त्यापूर्वीच ती जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रिकामे भांडे चुलीवर राहणे. आत पाणी असेपर्यंत तळ १०० अंशांच्या फार वर जात नाही, फोडणीचे तेलही सहसा २०० अंशांच्या आसपास राहते. कोरडे भांडे मात्र काही मिनिटांत २३२ अंश ओलांडते आणि कथील पुन्हा पातळ होते. या वेळी नवसागर नसतो आणि बोळा फिरवणारा हातही नसतो, त्यामुळे ते एका बाजूला ओघळून तिथेच थिजते.