कॉलेज अ‍ॅडमिशनचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट : कोणाला लागतं, कुठून काढायचं

नर्सिंग, एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, फिजिओ, म्हणजे जिथे पेशंटशी संबंध येतो तिथे फिटनेस लागतंच. बीए-बीकॉमला सहसा कोणी विचारत नाही, पण हॉस्टेल घेणार असाल तर तिथेही मागू शकतात.

आधी फॉरमॅट बघा. माहितीपुस्तिकेत नमुना दिलेला असतो, त्याचीच प्रिंट काढून न्यायची. डॉक्टरच्या लेटरहेडवर "फिट आहे" एवढं लिहून आणलं की परत पाठवतात. सही बहुतेक ठिकाणी एमबीबीएस डॉक्टरचीच बघतात, आणि खाली शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. आमच्या मुलीच्या वेळी ऐरोलीतल्या डॉक्टरांनी सगळं नीट भरून दिलं पण शिक्क्याची शाई सुकलेली, नंबरचे शेवटचे दोन आकडे उमटलेच नाहीत, आणि काउंटरवरच्या बाईंनी कागद खिडकीकडे धरून बघितला आणि सरळ परत दिला. रिपोर्टिंगचा शेवटचा दिवस, बाहेर धो धो पाऊस, पुन्हा ऐरोली गाठली! म्हणून सांगते, दवाखान्यातून निघायच्या आधी शिक्का वाचून बघा.

सरकारी ठिकाणाहून काढायचं असेल तर नवी मुंबईकरांना वाशीचं पालिकेचं हॉस्पिटल, ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल. ओपीडी सकाळची असते, आधी केस पेपर काढायचा, मग रांग. आधार, दोन फोटो आणि चष्मा असेल तर त्याचा नंबर सोबत ठेवा. वजन, उंची, बीपी, नजर एवढं तरी बघतातच.

आता हिपॅटायटिस बीच्या लसीचं, जी पेशंटशी संबंध येणाऱ्या कोर्सना घ्यायची असते. ही लस तीन डोसची, पहिला घेतला की एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, त्यामुळे "अ‍ॅडमिशन झाली की बघू" म्हणालात तर वॉर्ड पोस्टिंग (हॉस्पिटलच्या वॉर्डातलं काम) सुरू होईपर्यंत कोर्स अर्धाच राहतो. बारावीतच सुरू करा. लहानपणी घेतली असेल तर लसीकरणाचं कार्ड शोधा (आमचं जन्मपत्रिकेच्या घडीत सापडलं!). कार्ड नसेल तर डॉक्टरांना विचारून अँटीबॉडीची रक्त तपासणी करता येते.

दिव्यांग कोट्यातून जाणाऱ्यांसाठी वेगळं आहे. दिव्यांगत्व किमान 40% पाहिजे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5% जागा राखीव आहेत. स्वावलंबन ह्या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज करायचा, मग मेडिकल बोर्डापुढे तपासणी, ह्याला वेळ लागतो. नीटवाल्यांना मात्र नुसतं यूडीआयडी पुरत नाही, नेमून दिलेल्या सेंटरचं सर्टिफिकेट वेगळं काढावं लागतं, आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईत हाजीअलीचं अपंग पुनर्वसन हॉस्पिटल.

सगळ्याच्या तीन झेरॉक्स काढा आणि स्कॅन करून मोबाईलमध्ये ठेवा, ओरिजिनल कॉलेज ठेवून घेतं आणि मग हॉस्टेलवाले तेच मागतात.