कांजी: पहिल्यापासून की राहिली तिथून?

वर्ष-दोन वर्षांच्या खंडानंतर कांजीकडे, म्हणजे जपानी लिखाणातल्या अर्थवाही चिन्हांकडे, परतणारा माणूस हमखास एकच वाक्य म्हणतो: "सगळं विसरलोय, आता पहिल्यापासूनच करतो." नोकरी बदलली, प्रोजेक्ट अंगावर आला, लग्न झालं, मूल झालं, कारण कोणतंही असो, निदान तेच आणि औषधही तेच. पुण्यात जुलै आणि डिसेंबरच्या जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या, तोंडावर तर हे सारखं कानावर येतं. मग पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा डोंगर, नदी, भातशेत. या मंडळींनी 'डोंगर' इतक्या वेळा शिकलेला असतो की झोपेतून उठवून विचारलं तरी 'यामा' म्हणतील. आणि तीनशेच्या आसपास पोचले की मागच्या वेळी जिथे अडले होते तिथेच पुन्हा अडतात.

पहिल्यापासून शिकणं आणि उजळणी करून पुढे जाणं, या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत जुनं काहीतरी पुन्हा वाचायचं असतं. म्हणूनच त्यांतली निवड बहुतेक जण अपराधी भावनेच्या जोरावर करतात: इतके दिवस काही केलं नाही, तर आता शिक्षा म्हणून पहिला धडा. ही निवड खरं तर एकाच प्रश्नावर व्हायला हवी. कांजी डोक्यातून पुसली गेली आहे, की आत आहे पण हाक मारल्यावर बाहेर येत नाही?

कांजी म्हणजे काय, ओन्योमी-कुन्योमी (तिचा चिनी मुळाचा आणि अस्सल जपानी उच्चार) कशाला म्हणतात, कार्डांचं अ‍ॅप कसं चालतं, हे इथपर्यंत आलेल्यांना ठाऊक आहे असं धरून चालू. एकच आकडा लक्षात असू द्या. जपान सरकारच्या नेहमीच्या वापरातल्या जोयो यादीत 2010 च्या सुधारणेपासून 2136 कांजी आहेत, आणि त्यांपैकी 1026 जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. पहिल्या इयत्तेत फक्त 80. मुद्दा असा की सुरुवातीच्या शंभर-दीडशे कांजी तुम्हाला पुढच्या प्रत्येक धड्यात, प्रत्येक तारखेत, प्रत्येक पाटीवर भेटत राहिलेल्या असतात. खंडानंतर सगळ्यात कमी पुसल्या जातात त्या याच. पहिल्यापासून सुरू करणारा माणूस आपला सगळा ताजा उत्साह नेमका त्यांच्यावरच उधळतो.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे तो फरक.

एखादी कांजी समोर आली आणि काहीच सुचलं नाही, एवढ्यावरून ती गेली असं ठरत नाही. हेर्मान एबिंगहाउसने स्मरणशक्तीवरचे स्वतःवर केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजलं. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागत होता. म्हणजे यादी म्हणता येत नसली तरी पहिल्या पाठांतराचं काहीतरी शिल्लक राहिलेलं होतं. त्याच्या अक्षरजोड्यांना तर अर्थही नव्हता. कांजीला अर्थ आहे, भाग आहेत, ती वापरून बनलेले शब्द आहेत; शिल्लक राहायला जागा बरीच आहे.

हे शिल्लक आहे की नाही, ते 'आठवतंय का' असं स्वतःला विचारून कळत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर परतलेल्या माणसाकडून नेहमी 'नाही' असंच येतं. उत्तर एकदा बघून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, म्हणजे कळतं. जुन्या यादीच्या मधल्या भागातून पन्नास कांजी उचला. सुरुवातीच्या घेऊ नका, त्या येणारच. शेवटच्याही नकोत, त्या बहुधा नीट बसल्याच नव्हत्या. प्रत्येकीचा अर्थ आणि ती ज्यात येते असा एक शब्द लिहा. जमत नसेल तर जागा कोरी सोडा. मग उत्तरं एकदाच शांतपणे वाचा आणि वही मिटा. दुसऱ्या दिवशी फक्त चुकलेल्या आणि कोऱ्या राहिलेल्या पुन्हा सोडवा.

पहिल्या दिवशीचे गुण विसरून जा. लोक तिथेच खचतात आणि 'शून्यापासून'चा निर्णय घेऊन टाकतात. बघायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं. काल कोऱ्या राहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त एका वाचनात परत आल्या असतील तर कांजी आत आहेत. नवी कांजी अशी एका नजरेत बसत नाही, हे तुम्हालाही अनुभवाने माहीत आहे. अशा माणसाने पहिल्या धड्याकडे फिरकूही नये. उलट, दुसऱ्या दिवशीही बहुतेक जागा कोऱ्याच राहिल्या, तर तेवढा भाग खरंच नव्याने शिकायचा आहे. तेवढाच भाग. त्याच्या आधीचा नाही. ही निम्म्याची रेघ माझी आहे, तिला शास्त्राचा आधार नाही, पण कुठेतरी रेघ ओढल्याशिवाय माणूस मनाला येईल तेच करतो.

कार्डांच्या अ‍ॅपमध्ये हाच घोळ आकड्यांच्या रूपात समोर येतो. दीड वर्षाने अंकी उघडलं की दोन हजार कार्डं थकलेली, म्हणजे उजळणीची तारीख उलटलेली, दिसतात. ते बघून हात आपोआप रीसेटकडे जातो. थांबा. रीसेट केल्यावर त्या यादीची सगळी जुनी मुदत, म्हणजे कोणतं कार्ड पुन्हा किती दिवसांनी दाखवायचं ते, पुसली जाते: कोणती कांजी तुम्ही चार-चार महिन्यांनी बरोबर ओळखत होतात आणि कोणती दर आठवड्याला चुकत होतात, याची नोंद अ‍ॅप मग हिशेबात धरत नाही. दोन हजार कार्डं एका ओळीत उभी राहतात, जणू 'नदी' आणि 'नैराश्य' सारख्याच कठीण आहेत.

थकलेली कार्डं तशीच सोडवलीत तर मात्र ही चाळणी आपसूक लागते. जे कार्ड चुकेल त्याची मुदत मूळच्या मांडणीत एका दिवसावर घसरते. म्हणजे ज्याला रीसेटची गरज आहे त्याचं रीसेट होतंच. आणि चार महिन्यांची मुदत असलेलं कार्ड दीड वर्षाने बरोबर आलं, तर अंकी मधला उशीरही हिशेबात धरतं आणि पुढची मुदत आणखी लांबवतं. दीड वर्ष न बघता टिकलेली कांजी तुम्हाला पक्की येते, याहून सरळ पुरावा तो कोणता? तो पुसून त्याच कांजीला उद्या, परवा आणि तेरवा भेटायला जाणं याला अभ्यास म्हणायचं असेल तर म्हणा.

ढिगाचीच भीती वाटत असेल तर ढीग छोटा दिसेल अशी सोय करा. नवी कार्डं शून्यावर आणा. अंकीत दिवसाला 200 उजळण्यांची मर्यादा आधीच लावलेली असते, ती साठ-सत्तरवर आणा. ढीग दोन महिन्यांनी संपो नाहीतर तीन, काही बिघडत नाही. वानिकानी या कांजी शिकवणाऱ्या संकेतस्थळावर असाल तर तिथे साठ पायऱ्या आहेत आणि हव्या त्या पायरीवर मागे जाता येतं. तिसाव्या पायरीवरून पंचविसाव्यावर या. पहिलीवर जायचं कारण नाही.

खंडात सगळं सारखं झिजत नाही, हेही इथेच सांगायला हवं. अर्थ टिकतो, कुन्योमी बऱ्यापैकी टिकते, ओन्योमी आधी जाते. कारण सोपं आहे. पाण्याच्या कांजीची कुन्योमी 'मिझु' हा बोलण्यातला पूर्ण शब्द आहे; ओन्योमी 'सुइ' एकटी कुठे फिरत नाही. आपल्याकडे 'पाणी' कोणीही मागतं, पण 'जल' भेटतं ते जलाशयात, जलवाहिनीत, जलसंपदा खात्यात. तसंच 'सुइ' सापडते सुइदोमध्ये म्हणजे नळाच्या पाण्यात, सुइएइमध्ये म्हणजे पोहण्यात, सुइयोबीमध्ये म्हणजे बुधवारात. त्यामुळे ओन्योमी उडाल्या म्हणून कांजी पहिल्यापासून करणं हा चुकीचा उपाय आहे. शब्द वाचा. सुट्या ओन्योमींचे तक्ते भिंतीवर लावणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, पण ते तक्ते खंडाआधीही फारसे उपयोगी पडत नव्हते.

खंडात खरंच नासतो तो सारख्या दिसणाऱ्या कांजींमधला फरक, आणि पहिल्यापासून सुरू करण्याने तो अजिबात दुरुस्त होत नाही. देवळाची कांजी घ्या, 'तेरा'. तिच्या डावीकडे सूर्य लावला की वेळ. पावलं टाकण्याचं चिन्ह लावलं की वाट पाहणं, 'मात्सु'. हात लावला की हातात धरणं, 'मोत्सु'. वाणीचं चिन्ह लावलं की कविता. गाय लावली की विशेष. खंडानंतर माणसाला उजवीकडचं देऊळ लख्ख दिसतं आणि डावीकडे काय होतं ते धूसर. मग स्टेशनवर मित्राची वाट पाहणारा माणूस वाक्यात मित्राला हातात धरून बसतो. जपानी शाळेच्या क्रमात देऊळ आणि वेळ दुसरीत, वाट पाहणं, धरणं आणि कविता तिसरीत, विशेष चौथीत येतं. बहुतेक पुस्तकंही असंच काहीतरी अंतर ठेवतात. तुम्ही तोच क्रम पहिल्यापासून कितीही वेळा चाललात तरी या सहा जणी एका पानावर भेटत नाहीत, आणि शेजारी ठेवल्याशिवाय फरक पक्का होत नाही.

म्हणून परतल्यावर पहिल्या पंधरवड्यात चुकांची वही करा. चूक झाली की तुम्ही कोणती कांजी समजलात आणि खरी कोणती होती, दोन्ही शेजारी लिहा, आणि फरक शब्दांत लिहा: "गायीची उभी रेघ वर डोकं काढते, दुपारच्या कांजीची काढत नाही." "शेवट असेल तर वरची आडवी लांब, अजून-नाही असेल तर खालची लांब." हे मराठीतच लिहा. इंग्रजी की-वर्ड पाठ करून त्यांचं मराठी करून मग जपानीपर्यंत जाणारे लोक मी पाहिलेत. दोन स्टेशनं जास्तीची कशाला घेतात ते कळत नाही.

बाकीचे फरक किरकोळ. काताकाना (परकी शब्दांसाठीची जपानी लिपी) गेली असेल तर दोन संध्याकाळी, रडू नका. रेघांचा क्रम हाताने लिहिणार असाल तरच बघा. एन-3 च्या (जेएलपीटीच्या मधल्या पातळीच्या) यादीत 350 की 370 यावर वाद घालू नका. 2010 पासून जेएलपीटी अधिकृत कांजीयादी प्रसिद्धच करत नाही, त्यामुळे बाजारातली प्रत्येक यादी हा कोणाचा तरी अंदाज आहे.

लिहिण्याचं मात्र वेगळं आहे. वाचता येतं पण लिहिता येत नाही, म्हणून आपण विसरलो असं मानणाऱ्यांनी जपानकडे बघावं. तिथल्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या 2012 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की ई-मेल वगैरेंच्या सवयीमुळे हाताने कांजी अचूक लिहिणं कमी झालं आहे. त्यांच्यापैकी कोणी पहिलीच्या वर्गात जाऊन बसलं नाही. जेएलपीटीत हाताने काहीच लिहायचं नसतं, सगळे प्रश्न पर्यायी. तेव्हा वाचन शाबूत असेल आणि ध्येय परीक्षा किंवा भाषांतराची नोकरी असेल, तर लिखाण विसरल्याचं दुःख करायचं कारण नाही.

पहिल्यापासून सुरू करणं योग्य असतं अशा जागा आहेत, पण थोड्या. खंडाआधीच तुम्ही शंभरच्या आत थांबला असाल तर करा खुशाल. ते दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, त्यावर इतका विचार कशाला? जुनी कार्डंच वाईट असतील, म्हणजे एका बाजूला कांजी, दुसऱ्या बाजूला एकच अर्थ आणि शब्द एकही नाही, तर कार्डं बदला. तिथेही येणाऱ्या कांजी भराभर पुढे ढकला, त्यांना नवख्यासारखं वागवू नका. आणि कानकेनला, म्हणजे जपानमधल्या कांजीच्या परीक्षेला, बसायचं ठरवलं असेल, तर मात्र दहाव्या म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या त्या 80 कांजींपासून सुरुवात बरोबर आहे. ती परीक्षा जपानी लोकांसाठीची, तिथे हाताने लिहावं लागतं, आणि एन-2 पास झालेल्यांचाही तिथे दुसरी-तिसरीच्या कांजींवर हात अडतो. यात जुनं काही फुकट जात नाही: अर्थ आणि शब्द तयारच असतात, त्यामुळे वेळ फक्त हातावर घालवायचा. चौकटींची वही आणा, दिवसाला दहा कांजी लिहा, आणि वाचनाची कार्डं आहेत तिथूनच बाजूला चालू ठेवा.