‘मूळ गाव कुठलं?’ या प्रश्नातून काय कळतं

‘स्वतःबद्दल थोडं सांगा.’ ‘मूळ गाव कुठलं?’ चहा येतो, गप्पा रंगतात आणि उमेदवार बाहेर पडताच साहेब म्हणतात, ‘मुलगा चांगला वाटतो.’

या वाटण्याचा पुढच्या कामाशी कितपत संबंध असतो? मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली नोकरभरतीवरच्या जुन्या अभ्यासांची आकडेमोड नव्याने केली. अंदाज आणि कामगिरी तंतोतंत जुळली तर १, काहीच संबंध नसेल तर ०, अशा मोजपट्टीवर गप्पांची मुलाखत ०.१९ वर अडकली. प्रश्न आणि गुण आधी ठरवून घेतलेली आखीव मुलाखत ०.४२ पर्यंत गेली. हाही आकडा फार मोठा नाही, पण निवडीच्या सगळ्या पद्धतींत तोच सर्वांत वर होता.

गप्पांतून नुसतं कमी कळलं असतं तरी चाललं असतं. त्या चक्क दिशाभूल करतात. जेसन डेना आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या पुढच्या सत्राच्या गुणांचा अंदाज बांधायचा होता. आधीचे गुण हाताशी होतेच. काही जणांना मात्र वाट्टेल तशी उत्तरं द्यायला सांगून ठेवलं होतं. मुलाखत घेणाऱ्या एकालाही संशय आला नाही! शिवाय नुसते जुने गुण पाहून केलेले अंदाज जास्त बरोबर निघाले. मन मिळेल त्या धाग्यांची गोष्ट विणतं: अबोल दिसला की ‘विचारी’, गाववाला निघाला की ‘आपला माणूस’.

समजा, हिशेबनीस नेमायचा आहे. कामातले खरे प्रसंग घेऊन सहा प्रश्न लिहून काढा आणि सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने विचारा. उदाहरणार्थ: ‘उद्या ११ तारीख, जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरण्याचा शेवटचा दिवस. एका मोठ्या ग्राहकाचा जीएसटी क्रमांक चुकलेला दिसतोय. काय कराल?’ गुणही आधीच ठरवा. ‘आहे तसं भरतो, नंतर बघू’ याला १. ‘साहेबांना विचारतो’ याला ३. पोर्टलवर क्रमांक तपासून, ग्राहकाला फोन करून, बिल दुरुस्त करूनच भरणाऱ्याला ५. गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच लिहायचे. शेवटी आठवून दिले, तर पहिल्या पाच मिनिटांतलं मत सगळ्या रकान्यांत झिरपतं. पॅनेलमधल्या तिघांनी आपापले कागद भरून होईपर्यंत आपसात बोलू नये, नाहीतर वरिष्ठांचं मत तेच तिघांचं मत होतं. जोडीला बँकेचं स्टेटमेंट आणि मुद्दाम चार चुका घातलेली खातेवही देऊन वीस मिनिटं ताळमेळ लावायला बसवा.

आणि आतल्या आवाजाचं काय? १९५० च्या दशकात इस्रायली सैन्यात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी सहा गुणविशेषांना वेगवेगळे गुण द्यायची अशीच पद्धत आखली, तेव्हा मुलाखत घेणारे चिडले, ‘आम्हाला यंत्र करताय!’ मग कानेमन यांनी तडजोड केली: सहाही गुणविशेषांचे आकडे लिहून झाले की डोळे मिटा आणि तुमचं मत द्या. पुढे पडताळून पाहिलं, तर हा शेवटचा कौल आकड्यांच्या बेरजेइतकाच खरा ठरला होता.