शेंडा तोडला की डोळे फुटतात

फिश टँकमध्ये अनुबियास लावला की थोड्याच दिवसांत कळतं, या झाडाला घाई कसली ती नाही. महिन्याकाठी एक नवं पान आलं तरी पुष्कळ. मूळचा तो पश्चिम आफ्रिकेतला. कॅमेरून, नायजेरियाच्या जंगलांत ओढ्याकाठच्या खडकांना आणि ओंडक्यांना मुळांनी घट्ट धरून वाढतो. तिथे झाडांच्या दाट सावलीत ऊन जेमतेम पोचतं. म्हणून पानं थोडी धरायची, पण जाड आणि चिवट, आणि ती दीर्घकाळ टिकवायची, अशी त्याची रीत. टँकमध्ये तर तो पूर्ण बुडालेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट हळू पसरतो. वाढ आणखी मंदावते ती त्यामुळे.

पाण्याखाली त्याला फूल येतं, अगदी अळूच्या कुळाला शोभेल असं, पण तिथे बी धरणं जवळपास होतच नाही. त्यामुळे एकाचे दोन करायचे तर रायझोम कापायचा.

रायझोम म्हणजे पानांच्या देठांखालचं आडवं, जाडसर हिरवं खोड. आल्याचा गड्डा आठवा: त्यावर जसे डोळे असतात, तसे इथेही प्रत्येक पानाच्या बगलेत असतात. पान गळून गेलं तरी तिथला डोळा सहसा जिवंत असतो, फक्त झोपलेला.

त्याला झोपवून ठेवतो तो शेंडा. वाढत्या टोकाकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक मागे वाहत राहतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये बाकल्याच्या रोपांवर हे दाखवलं. शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटत, पण खुडलेल्या जागी ऑक्सिन लावलं तर ते गप्प राहत. वाटाण्यावर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी यात मोलाची भर घातली. शेंडा आपल्याकडे साखर ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर डोळ्यांकडे वळते, आणि ऑक्सिन उतरण्याआधीच ते जागे होऊ लागतात.

हे कळलं की कापायचं कुठे ते आपसूक उमगतं. पुढच्या तुकड्याला शेंडा आहेच, तो पूर्वीसारखा वाढत राहील. खरी परीक्षा मागच्या तुकड्याची. नवा कोंब फुटेपर्यंत त्याने साठ्यावर आणि जुन्या पानांनी बनवलेल्या साखरेवर जगायचं असतं. म्हणून प्रत्येक तुकड्यावर किमान तीन-चार पानं हवीत. पानाविना राहिलेला तुकडाही फुटू शकतो, पण त्याला फार वेळ लागतो आणि मध्येच कुजण्याची भीती असते.

मला सर्वांत पटणारी पद्धत वेगळी आहे. लाकडावर नीट रुजलेला रायझोम धारदार, स्वच्छ ब्लेडने आरपार कापायचा, पण दोन्ही भाग होते तिथेच राहू द्यायचे. शेंड्याचा अंमल तेवढा तुटतो, मुळं मात्र हलत नाहीत. काही आठवड्यांनी मागच्या भागावर हिरवा कोंब दिसला आणि त्याची दोन-तीन पानं झाली, की मग तो सोडवायचा. घाई करणाऱ्यांना हे रटाळ वाटेल, पण झाडाला यात कमीत कमी धक्का बसतो.

नव्या जागी दोऱ्याने किंवा जेलसारख्या सुपरग्लूच्या थेंबाने तुकडा लाकडाला, दगडाला बसवा. मुळं वाळूत गेली तरी चालतील, रायझोम मात्र कधीही पुरू नका. वाळूखाली ऑक्सिजन कमी पडतो, खोड मऊ पडतं, वास मारू लागतं. असा भाग दिसला तर आतला गर टणक आणि निरोगी लागेपर्यंत कापत जा.

आणि कापताना हातमोजे घाला. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे जे सुईसारखे स्फटिक असतात, ते अनुबियासमध्येही आहेत. त्याच्या रसाने कुणाकुणाच्या हाताला चांगलीच खाज सुटते. पानं कुरतडणारे बरेच मासे या झाडाच्या वाटेला जात नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.