एक स्विच, पाच केबल, दहा टोकं

फायबरची जोडणी घरात येते ती बहुतेक वेळा हॉलच्या खिडकीतून. जोडणारा माणूस वायर आत घेतो, जवळचा प्लग पॉइंट बघून तिथेच डबा, म्हणजे राऊटर, लावतो आणि मोबाइलवर वेग दाखवून जातो. सांगली-मिरजेतल्या एखाद्या दुमजली घरात टीव्ही त्याच हॉलमध्ये असतो, पण कॉम्प्युटर वरच्या खोलीत आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर जिन्याखालच्या कपाटात. स्लॅबच्या सळयांमधून वाय-फाय नीट वर पोचत नाही, म्हणून वरच्या मजल्यावर आणखी एक ॲक्सेस पॉइंट लागतो. वायरवर घ्यायची यंत्रं झाली चार आणि डब्याच्या मागे पोर्ट दोन.

पोर्ट कमी पडणं हा यातला सगळ्यात सोपा प्रश्न. पाच पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी, हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि त्यात काही सेटिंग करावं लागत नाही. एक पोर्ट राऊटरकडे जातो, उरलेले चार यंत्रांना. पुढे यंत्रं वाढणार असतील तर थेट आठ पोर्टचा घ्यावा, किमतीत फार फरक नसतो. घरातलं नेटवर्क बिघडतं ते सहसा या पेटीमुळे नाही, तर केबलमुळे, आणि त्यातही केबलच्या टोकांमुळे. लोक मात्र आधी पेटीच बदलतात.

सगळं वाय-फायवर का नको, तर एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. टीव्ही, रेकॉर्डर आणि कॉम्प्युटर सतत बोलत राहिले की मोबाइलला थांबावं लागतं. शेजारच्या घरातलं वाय-फाय त्याच चॅनेलवर असेल तर तेही रांगेत येतं. वायरवर प्रत्येक यंत्राला स्वतःची वाट असते आणि येणं-जाणं एकाच वेळी चालतं. म्हणून जे यंत्र जागचं हलत नाही ते वायरवर घ्यावं आणि हवा मोबाइलसाठी मोकळी ठेवावी.

वायरवरचं हे नेटवर्क, म्हणजे इथरनेट, सुरुवातीला असं नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते बांधलं तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड केबलवर लटकलेली असत. दोघं एकदम बोलले की संदेश एकमेकांवर आदळत आणि दोघांनाही थांबून पुन्हा पाठवावं लागे. नंतर आलेल्या हब नावाच्या पेटीतही तेच होतं, एका पोर्टवर आलेलं सगळ्या पोर्टवर जायचं. ही कोंडी स्विचने फोडली. १९९० मध्ये कल्पना या अमेरिकी कंपनीने सात पोर्टचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक.

स्विचचं काम कळलं की पुढचे बरेच गोंधळ टळतात. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा एक पत्ता असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. यंत्राने काही पाठवलं की स्विच त्यातला पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हा पत्ता तीन नंबरच्या पोर्टवर’ अशी नोंद करतो. ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता नोंदीत असेल तर माहिती फक्त त्या पोर्टवर जाते. नसेल तर आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्यांवर. यंत्र काही मिनिटं, सहसा पाच, गप्प राहिलं की नोंद पुसली जाते. यंत्र दुसऱ्या पोर्टवरून बोललं की नोंदही लगेच बदलते, म्हणून केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घातली तरी काही अडत नाही.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. कॉम्प्युटरवरून रेकॉर्डरमधलं चित्रीकरण उतरवलं तर ती माहिती स्विचमधूनच परस्पर जाते, राऊटरकडे जातच नाही. इंटरनेट बंद असलं तरी हे चालतं. राऊटरकडे जाणारी केबल सगळ्यांची सामाईक असते हे खरं, पण तिची क्षमता १००० एमबीपीएस आणि घरचा प्लॅन १०० किंवा २००चा. ती केबल तुंबत नाही.

ती तुंबते एकाच परिस्थितीत: डब्याचा चुकीचा पोर्ट वापरला तर. फायबरच्या बऱ्याच डब्यांवर एक पोर्ट गिगाबिट असतो आणि दुसरा फक्त १००चा. पोर्टजवळ जीई किंवा एफई असं छापलेलं असतं. जीई म्हणजे हजार, एफई म्हणजे शंभर. स्विच एफईला लावला तर मागची चारही यंत्रं मिळून शंभरात अडकतात. स्विचची केबल जीईतच घाला.

घरात जुना राऊटर पडून असेल तर त्याचाही स्विच होतो, पण तीन गोष्टी कराव्या लागतात. आधी त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, नाहीतर घरात पत्ते वाटणारे दोन जण होतात आणि काही यंत्रांना चुकीची वाट मिळते. मग त्याचा स्वतःचा आयपी पत्ता बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मुख्य राऊटर तो पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना ते बघा. शेवटी केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नाही. वॅनमध्ये घातली की त्याच्यामागे वेगळं नेटवर्क तयार होतं. इंटरनेट चालतं, पण हॉलमधल्या मोबाइलला वरचा प्रिंटर दिसत नाही. जुन्या राऊटरचे पोर्ट बहुधा १००चेच असतात, त्यामुळे हा उपाय प्रिंटर आणि टीव्हीपुरता ठीक.

आता केबल. कॅट ५ई केबलवर १००० एमबीपीएस १०० मीटरपर्यंत जातात, कॅट ६वरही तितकेच. कॅट ६चा फायदा असा की साधारण ५५ मीटरपर्यंत ती १० हजारही पेलते. भिंतीतून जाणारी केबल पंधरा-वीस वर्षं बदलत नाही, त्यामुळे नवीन घालताना कॅट ६ घ्यावी. त्याहून वरच्या महागड्या केबलची घरात गरज नाही.

खरी काळजी घ्यायची ती तांब्याची. बाजारात सीसीए नावाची केबल स्वस्तात मिळते. तिच्यात आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा असतो. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वाकवली की तार तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर ती तापते. ओळखायला ब्लेडने एक तार खरवडा: आत चंदेरी निघालं तर परत करा. तांब्याची केबल हाताला जड लागते. पूर्ण बॉक्स ३०५ मीटरचा असतो. एका घराला इतकी लागत नाही. प्रत्येक वाटेचं अंतर जिन्याच्या चढासकट मोजा, दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर जास्त धरा आणि दुकानातून मीटरवर घ्या.

प्रत्येक यंत्राची केबल स्विचपासून सरळ त्या यंत्रापर्यंत, मध्ये जोड नाही. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड विजेच्या बोर्डात चालत असेल, इथे चालत नाही. कन्सील पाइप २५ मिलिमीटरचा असेल तर कॅट ६च्या चार केबल सुखाने जातात, २०च्या पाइपात दोन. ओढताना ११ किलोच्या वर जोर लावू नये, आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो. वळण अडीच सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळू नये. विजेच्या वायरच्या पाइपातून लॅन केबल कधीच घालायची नाही; शेजारून न्यायची तर वीतभर अंतर ठेवा आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

पिळाचं एवढं कौतुक का? केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. एका जोडीतल्या दोन तारांवर एकच संकेत उलट-सुलट पाठवला जातो आणि पलीकडचं यंत्र दोघांतला फरक मोजतं. पंख्याचा किंवा मोटरचा त्रास आला तर तो दोन्ही तारांवर सारखाच चढला पाहिजे, म्हणजे फरक काढताना तो वजा होतो. तारा नुसत्या शेजारी ठेवल्या तर एक त्रासाच्या जवळ राहते, दुसरी लांब. पीळ दिला की दर थोड्या अंतराने त्या जागा बदलतात आणि हिशेब बरोबर येतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी हे पेटंट घेतलं. आजच्या केबलमध्ये चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो, नाहीतर त्या एकमेकींनाच त्रास देतील.

म्हणूनच टोकाला पिन मारताना सगळा खेळ ठरतो. बाहेरचं आवरण अडीच सेंटिमीटर सोला. जोड्या उलगडून तारा सरळ करा आणि कनेक्टरचा खटका पलीकडे, पितळी पट्ट्या स्वतःकडे आणि केबल खालून येईल असा धरून डावीकडून लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग तारा १३ मिलिमीटरवर एका रेषेत कापा. उलगडलेला भाग याहून लांब ठेवायचा नाही. कनेक्टरमध्ये सारल्यावर समोरच्या बाजूने आठही तारांची तांब्याची टोकं चमकताना दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, मागच्या पाचरीखाली दाबलं गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि काही महिन्यांत एखादी निसटते.

या क्रमात निळी जोडी मध्ये आणि हिरवी जोडी तिच्या दोन्ही बाजूंना फाकलेली आहे. हे बघून काही जण क्रम ‘सरळ’ करतात: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांना सारखंच केलं आहे, मग बिघडेल काय, असं वाटतं. स्वस्त टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो. पण यंत्र ३ आणि ६ या पिना एक जोडी म्हणून वापरतं, आणि या क्रमात त्या पिनांवर पांढरा-हिरवा आणि निळा आलेले असतात. या दोन तारा एकमेकींत पिळलेल्याच नाहीत. एक मीटरच्या केबलवर चालून जातं; वीस मीटरवर जोडणी शंभरावर येते, नाहीतर लागत-तुटत राहते, आणि दोष स्विचला दिला जातो. पिनांची ही विचित्र मांडणी टेलिफोनमुळे आली: मधल्या दोन पिना फोनच्या लाइनसाठी राखलेल्या होत्या.

केबल भिंतीतून आली असेल तर तिथे कनेक्टर न लावता भिंतीवरचं सॉकेट लावणं चांगलं. भिंतीतली तार एकसंध आणि कडक असते, रोजच्या हलण्याने तुटते. सॉकेटपासून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली लवचिक केबल, लावावी. दोन्ही टोकांना एकाच नंबरचं लेबल आत्ताच चिकटवा.

स्विच ठेवायची जागा जिन्याच्या वळणावर किंवा वरच्या मजल्यावर असावी. २०१९ आणि २०२१ मध्ये मारुती चौकापर्यंत कृष्णेचं पाणी आलेल्या सांगलीत, नदीकडच्या भागात तळमजल्यावर जमिनीलगत पेटी लावण्यात अर्थ नाही. स्विचला काही वॅटच लागतात, त्यामुळे तो फायबरच्या डब्यासोबत इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्या. डब्यालाच बॅकअप दिला आणि स्विच राहिला तर वीज गेल्यावर वायरवरचं सगळं बंद पडतं. अडॅप्टरची अदलाबदल मात्र होऊ देऊ नका: डब्याचा सहसा १२ व्होल्टचा, लहान स्विचचा ५ किंवा ९ व्होल्टचा, आणि गोल पिन सारखीच बसते. १२चा अडॅप्टर ५च्या स्विचला लागला की स्विच गेला. दोन्हींवर मार्करने लिहून ठेवा.

गेटवरच्या कॅमेऱ्याची केबल उघड्यावरून जाते, तिला वेगळे नियम. घरातल्या वापराची राखाडी केबल उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत तडकू शकते. बाहेर काळ्या आवरणाची आउटडोअर केबल वापरा आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल, आत येणार नाही. त्याच केबलमधून वीज देणारा पीओई स्विच घेताना त्यावर ८०२.३एएफ हे मानक आहे का बघा. तो प्रत्येक पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देतो, पण आधी समोरच्या यंत्राला वीज हवी आहे का हे तपासतो, त्यामुळे चुकून टीव्ही लावला तरी तो सुरक्षित राहतो. ‘पॅसिव्ह’ प्रकारची पेटी असं काही तपासत नाही.

वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तरी लांबलचक तांब्याच्या केबलमध्ये मोठा दाब निर्माण होतो. इथरनेटच्या पोर्टमध्ये १५०० व्होल्ट थोपवणारा बारीक ट्रान्सफॉर्मर असतो; वीज त्याहून कितीतरी पुढे जाते आणि कॅमेऱ्याबरोबर स्विच आणि रेकॉर्डरही जातात. गेटच्या केबलला अर्थिंग केलेला सर्ज प्रोटेक्टर लावावा. गोठा, शेड किंवा आवारातलं दुसरं घर असेल तर तांबं नेऊच नये. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी असते. मध्ये फायबर आणि टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यावरचा संकेत प्रकाशात आणि प्रकाशातला तांब्यावर बदलणारी पेटी) हाच योग्य मार्ग. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही.

सगळं जोडल्यावर कॉम्प्युटरच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसलं तर आठही तारा बरोबर आहेत. १०० दिसलं तर ४, ५, ७, ८ या पिनांपैकी एखादी सुटलेली असण्याची शक्यता जास्त, कारण शंभरासाठी १, २, ३, ६ एवढ्याच लागतात. काहीच लागत नसेल तर १, २, ३, ६ या चारांत शोधा. टीव्ही १०० दाखवत असेल तर केबल उकरू नका. कित्येक टीव्हींमध्ये पोर्टच १००चा असतो आणि ४के चित्रपटाला २५ पुरतात. स्विचचे सगळे दिवे एकदम आणि अखंड लुकलुकत असतील आणि घरभर नेटवर्क ठप्प असेल, तर कुठल्यातरी पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली आहेत. इथरनेटच्या संदेशाला संपायची मुदत नसते, तो त्या वेटोळ्यात फिरत राहतो. एकेक केबल काढत जा. ती नेमकी निघाली की दिवे लगेच शांत होतात.