वाळलेलं रक्त आणि रिकामी टरफलं

“वाळलंय की ते, आता काय हुतंय?” व्हरांड्यातल्या कोब्यावरचा रक्ताचा डाग नखाने खरवडत शिपाईमामा मला म्हणाले. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी शाळा, जुलैचा पाऊस आणि तालुका पातळीवरच्या स्पर्धांसाठी कबड्डीचा सराव. गुडघा फुटलेला गडी पाणी मारून पुन्हा मैदानात उतरला होता, डाग तेवढा मागे राहिला होता.

रक्त वाळलं की त्यातला रोगही मेला, हा समज मामांचा एकट्याचा नाही. पी.टी.चे सर, अक्षर दासोहचा, म्हणजे पोरांच्या दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक करणाऱ्या मावश्या, अंगणवाडीच्या ताई, सगळे तेच धरून चालतात. एचआयव्हीपुरता तो बराचसा खराही आहे. शरीराबाहेर पडून कोरडा झाला की तो विषाणू लवकर निकामी होतो. पण रक्तातून पसरणाऱ्या आजारांत एचआयव्ही हा सगळ्यात दुबळा गडी. हेपटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा ‘बी’ विषाणू, वाळलेल्या रक्तात नेहमीच्या तापमानाला किमान ७ दिवस जिवंत राहतो. शुक्रवारी सांडलेला डाग पुढच्या गुरुवारी कुणी ओल्या फडक्याने पुसला, तरी त्या फडक्यावर तो असू शकतो.

दवाखान्यांतले आकडे पाहा. बाधित माणसाला वापरलेली सुई चुकून टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे ३. हेपटायटिस सी, म्हणजे यकृतालाच सुजवणारा दुसरा विषाणू, त्याच्यासाठी शंभरात २ किंवा त्याहूनही कमी. आणि लस न घेतलेल्याला हेपटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३०. शाळेतला धोका याहून पुष्कळच कमी, कारण तिथे सुया नसतात आणि धडधाकट कातडीतून यातला एकही विषाणू आत शिरत नाही. पण कातडी धडधाकट असते का? खडूने भेगाळलेली बोटं, विळीने कापलेला अंगठा, अंगणवाडीतल्या पोराने कडकडून घेतलेला चावा. दार उघडं असतं ते इथे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो, कारण हा ‘बी’ विषाणू मला भलताच आवडतो. आकार ४२ नॅनोमीटर. त्याची सगळी जनुकीय माहिती सुमारे ३,२०० अक्षरांत मावते. आपली सुमारे ३०० कोटी अक्षरांची असते. एवढ्या तुटपुंज्या मजकुरात काम भागवायला तो एक युक्ती करतो. एकच ओळ एका अक्षरापासून वाचली की एक प्रथिन तयार होतं, आणि एक घर सरकून वाचली की दुसरंच. त्यातलं एक प्रथिन त्याच्या बाहेरच्या आवरणाचं.

आणि हे आवरण तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार करतो. यकृताच्या पेशीतून एक खरा विषाणू बाहेर पडतो तेव्हा त्याच्यासोबत हजार ते लाखभर नुसती आवरणं बाहेर पडतात. २२ नॅनोमीटरचे पोकळ गोळे, आत जनुक नाही, काही नाही. शेंगा खाऊन वर्गात टाकलेल्या टरफलांसारखे. आपलं शरीर विषाणूला पकडायला प्रतिपिंडं सोडतं आणि ती बिचारी टरफलांनाच चिकटून संपतात. दाणा असलेली शेंग त्या गर्दीतून निसटते.

गंमत अशी की माणसाला या विषाणूचा सुगावा लागला तो टरफलांमुळेच. बरूक ब्लुमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ निरनिराळ्या देशांतल्या लोकांच्या रक्ताची तुलना करत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असं नाव दिलं. ते म्हणजे हे रिकामं आवरण. अख्खा विषाणू सूक्ष्मदर्शकात दिसायला १९७० उजाडलं. ब्लुमबर्गना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांचा वाढदिवस २८ जुलै, म्हणून जागतिक हेपटायटिस दिन त्याच दिवशी असतो.

मग त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुचलं की शरीराला चकवणारी ही टरफलंच लस म्हणून दिली तर? आत दाणाच नाही, तर रोग होणार कुठून! १९८१ मध्ये बाधितांच्या रक्तातून टरफलं गाळून पहिली लस आली. १९८६ पासून आवरणाचं जनुक यीस्टमध्ये घालून ती टरफलं टाकीत पिकवता येऊ लागली, माणसाच्या रक्ताची गरजच उरली नाही. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकने ती लस भारतात बनवली आणि ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली.

मोठ्या माणसाला तीन डोस लागतात. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. “एवढं लांबण कशाला?” असं लोक विचारतात आणि तिसरा डोस विसरतात. पहिल्या दोन डोसांनंतर लसिकाग्रंथींतल्या जर्मिनल सेंटर नावाच्या जागी बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या आपल्याच पेशी, ‘बी’ विषाणूशी नावापुरतंच साम्य) आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम चुका करत बसतात. ज्या पेशीचं प्रतिपिंड टरफलाला जास्त घट्ट चिकटतं ती टिकते, बाकीच्या मरतात. अशा फेऱ्यांवर फेऱ्या होतात. सहा महिन्यांनी तिसरा डोस जातो तो या निवडून आलेल्या पेशींपुढे, आणि प्रतिपिंडांची पातळी एकदम वर उसळते. रक्तात ती लिटरमागे १०,००० मिली-युनिटच्या वर गेली (अहवालात मिलिलिटरमागे १० लिहिलेलं असतं) की माणूस सुरक्षित. पुढे काही वर्षांनी पातळी घसरली तरी निरोगी माणसाला सहसा पुन्हा टोचावं लागत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात, तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी फौज उभी करतात.

देशभरातल्या बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमातून २०११ पासून मिळते. म्हणजे आज चौथी-पाचवीतल्या बहुतेक पोरांना ती टोचलेली असते, आणि त्यांना शिकवणाऱ्या चाळिशीतल्या बाईंना बहुधा नसते! पोरांच्या रक्तातला धोका त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी झालाय हे खरं. पण राहून गेलेली पोरं असतात, आणि शाळेत मोठ्यांचंही रक्त सांडतं. अमेरिकेत १९९१ च्या कामगार-सुरक्षा नियमानुसार, कामाचा भाग म्हणून रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला ही लस मालकाने फुकट द्यावी लागते. आपल्याकडे एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत रंगरंगोटीवर तासभर बोलणं होतं. त्यात हा विषय काढून डाग पुसणाऱ्या मामा-मावश्यांपासून सुरुवात करावी, हेडमास्तरांपासून नव्हे, असं माझं मत.

यकृत सुजलं की कावीळ दिसते, आणि काविळीचा विषय निघाला की बेळगावपासून निपाणीपर्यंत हमखास कुणीतरी माळ घालणाऱ्याचा पत्ता सांगतं. काड्यांची माळ डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत गळ्यात उतरते, म्हणजे कावीळ उतरली! ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात, माळ लांबते. निरोगी माणसाच्या डोक्यावरही लांबेल. कुणी कावीळ उतरवायला चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, त्यात येणारा पिवळा रंग हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा. तरीही माळवाल्याचं नाव होतं, कारण दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, आणि ‘बी’ झालेल्या मोठ्या माणसांपैकीही शंभरातले ९५ जण स्वतःच सावरतात. उरलेल्या पाचांच्या यकृतात विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. माळवाल्याला ते कधीच दिसत नाहीत.

पुसायचं कसं, तर ग्रामपंचायतीकडे मिळणारी ब्लीचिंग पावडर पुरते. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. लिटरभर पाण्यात १७ ग्रॅम घातली की अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा तोलून बाटलीच्या झाकणावर खूण करून ठेवावी. पण आमच्याकडच्या पावसाळ्यात उघडं पोतं दमट होतं, पावडरीचे गोळे होतात, वास उडतो. वास गेला म्हणजे क्लोरीन गेला, उरला तो चुना. दुसरं असं की क्लोरीन रक्तातल्या प्रथिनांवरच खर्च होऊन जातो. म्हणून आधी रद्दी कागदाने रक्त टिपून घ्यायचं, मग द्रावण ओतून दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. आणि संडास धुवायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नये, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

जखमेवर कुणाचं रक्त लागलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. पिळायचं नाही, त्यावर ब्लीच तर नाहीच. मग त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा तालुका दवाखाना गाठायचा. लस न घेतलेल्याला ‘बी’ साठी लस आणि तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत द्यायचं असतं. एचआयव्हीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. ‘सी’ ला लस नाही, पण आता तो बहुतेक वेळा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

“कुठल्या पोराला काय आहे ते आम्हाला आधीच सांगून टाका की,” असं काही शिक्षक म्हणतात. एचआयव्हीबद्दल तसं विचारायला २०१७ चा कायदा आडवा येतो, आणि आला ते बरंच झालं. यादी मिळाली असती तरी ती अपुरीच निघाली असती, कारण ‘बी’ किंवा ‘सी’ असलेल्या बहुतेकांना स्वतःलाच पत्ता नसतो. म्हणून सगळ्यांचं रक्त सारखंच धरायचं. हातमोजे घालायचे, ते संपले असतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवायची. पोरगं जरा मोठं असेल तर रुमालाची घडी त्याच्याच हातात द्यायची आणि गुडघा त्यालाच दाबून धरायला सांगायचं.