हरित ऊर्जेचं अनुदान कोणाच्या दारी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सौर ऊर्जेचं सरकारी अनुदान गरजूंऐवजी पैसेवाल्यांच्याच पदरी पडतं का, हा आजचा वाद समजून घ्यायचा तर आधी साताऱ्याच्या पठारांवर जावं लागतं. चाळकेवाडी, वनकुसवडे इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागे वाऱ्याइतकाच प्राप्तिकरातल्या सवलतीचा जोर होता. चक्कीची किंमत पहिल्याच वर्षी घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा खर्च, म्हणून नफ्यातून वजा करता येई; आधी १०० टक्के, पुढे ८० टक्के. या सवलतीसाठी मुळात मोठा करपात्र नफा हवा. पायथ्याच्या गावातल्या शेतकऱ्याकडे तो कुठून असणार? ही सवलत २०१२ मध्ये थांबली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर उतरली.

पैसा मात्र सगळ्यांनी भरला. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. कोळशाचा खर्च अखेर वीजबिलातच उतरतो, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्याही. या उपकरातून स्वच्छ ऊर्जा निधी उभारायचा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा जीएसटीमुळे राज्यांच्या बुडणाऱ्या महसुलाच्या भरपाईकडे वळला. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते.

खरी चुरस लागली ती नेट मीटरिंगवरून. राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये त्याचे नियम केले. दिवसा छतावर तयार झालेली जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीजजाळ्याला, द्यायची आणि रात्री घेतलेल्या विजेतून ती युनिटला युनिट वजा करून घ्यायची. महावितरणला यात धोका दिसला, आणि तो काल्पनिक नाही. आपल्याकडे कारखाने, दुकानं आणि जास्त वीज वापरणारी घरं चढा दर भरतात. त्यावर शेतीपंपांचा आणि लहान घरांचा दर खाली राहतो. ही क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करा, असं २००३ चा वीज कायदा सांगतो. पण पॅनेल आधी बसवतात ते हेच चढ्या दराचे ग्राहक. त्यांचं बिल आटलं की तारा, खांब, रोहित्रं यांचा खर्च उरलेल्यांच्या माथी येतो. २०१९ च्या मसुद्यात नेट मीटरिंग आवळायचा प्रयत्न झाला, ग्राहकांनी कडाडून विरोध केला आणि ते टिकलं. राज्यातली छतांवरची सौर क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत ग्रीड सपोर्ट शुल्क, म्हणजे पॅनेलवाल्यांकडून वीजजाळ्याच्या वापराचा आकार, नको, असंही २०२० मध्ये ठरलं. स्वतःचे पैसे घालून पॅनेल बसवणाऱ्याला दोषी धरणं चूकच. दोष दररचनेत आहे.

२०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल बसवायला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, १ कोटी घरांचं उद्दिष्ट आहे. भाडेकरूने, चाळीतल्या बिऱ्हाडाने ते कुठल्या छतावर घ्यायचे?

शेतीतही तोच पेच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. पण त्यासाठी विहीर किंवा पाण्याचा दुसरा स्रोत हवा. विधानसभा निवडणुकीच्या वर्षातच, २०२४ मध्ये, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली. तरीही सौरपंपाला मागणी आहे, कारण तो दिवसा चालतो, आणि ग्रीडच्या विजेच्या रात्रीच्या पाळीला अंधारात पाणी धरायला जाणं जिवावर बेतू शकतं. म्हणूनच २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना मला अधिक न्यायाची वाटते: तिथे वाहिनीवरच्या, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या एका तारेवरच्या (फीडरवरच्या), प्रत्येक पंपाला दिवसा वीज मिळते, मग कोणाकडे १० टक्के असोत वा नसोत. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर मात्र तिच्याही बाहेरच आहेत.